शनिवारची पाच : इंटरनेटवर सापडलेलं चांगलं काही आपल्या माणसांना दर आठवड्याला पाठवायचं कसं

दर शनिवारी सकाळी साडेसातला माझ्याकडून एक मेसेज जातो. एकेचाळीस जणांना. त्यात जास्तीत जास्त पाच गोष्टी असतात: एक गाणं, एक वाचायला, एक बघायला, डोक्यात घोळत राहील असा एखादा विचार आणि जमलं तर एक निव्वळ गंमत. सगळं इंटरनेटवर सापडलेलं, बहुतेक फुकट. रत्नागिरीची आत्या तो चहा पिता पिता वाचते आणि न्यू जर्सीतला मावसभाऊ शुक्रवारी रात्री झोपण्याआधी.

त्याआधी मीही चारचौघांसारखी फॉरवर्ड करायचे. रांगेत, बसमध्ये, अर्धवट बघून. एकदा आत्याचा फोन आला. "काल पाठवलेल्या व्हिडिओत शेवटी तो माणूस नेमकं काय म्हणतो गं? मला नीट ऐकू आलं नाही." मी शेवटपर्यंत पाहिलाच नव्हता. थातुरमातुर काहीतरी सांगून वेळ मारून नेली आणि फोन ठेवल्यावर लाज वाटली. माझ्या शब्दावर तिने अठरा मिनिटं खर्च केली होती. मी तीनसुद्धा केली नव्हती.

तेव्हापासून एकच नियम आहे आणि बाकीचे सगळे त्याच्या पोटातले: जे मी स्वतः शेवटपर्यंत पाहिलं, ऐकलं, वाचलं नाही, ते पाठवायचं नाही. ऐकायला सोपा, पाळायला महाकठीण. तो पाळता यावा म्हणून बसवलेली घडी पुढे देते आहे. तुमच्या सोयीने मोडा.

आधी माणसं ठरवा

बहुतेकजण आधी लिंका गोळा करतात आणि मग कोणाला पाठवू म्हणून फोनमधली नावं चाळतात. उलट करा. आठ-दहा माणसं निवडा, ज्यांच्या आवडीनिवडी तुम्हाला माहीत आहेत आणि जी "हे रद्दड होतं" असं तुमच्या तोंडावर सांगू शकतात. त्यांना आधी विचारा. मी असं लिहिलं होतं: "दर शनिवारी एक मेसेज पाठवणार आहे, ऐकण्या-वाचण्यासारख्या चार-पाच गोष्टींचा. पाठवू का? नको असेल तर नुसतं 'नको' लिहा, राग मानणार नाही." तिघांनी नको म्हटलं. राग आला, पण मानला नाही.

पाठवायचं कुठून? ग्रुप की ब्रॉडकास्ट, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. ग्रुपवर एकाने हात जोडले की तीस जण जोडतात आणि गाणं त्या हातांखाली गाडलं जातं. शिवाय ग्रुपवर कोणी मनापासून लिहीत नाही. सासरची मंडळी बघत असतात. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ नंबर घालता येतात, मेसेज प्रत्येकाला स्वतंत्र जातो आणि उत्तर फक्त तुम्हाला येतं. एक मेख मात्र आहे: ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला तो पोचतच नाही. आमच्या एका काकांना तीन महिने काहीच मिळत नव्हतं आणि मी त्यांना भिडस्त समजत होते.

आठवडाभराची टोपली

चांगली गोष्ट समोर येते ती नेहमी नको त्या वेळी. कुकरची शिट्टी होत असते, बॉस समोर उभा असतो. तेव्हा फक्त टोपलीत टाका, पाठवू नका. टोपली कसलीही चालते. मी व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करते, कारण तो आवाज न करता होतो. जोडीला दोन-चार शब्द हवेतच: कोणी सांगितलं आणि का थांबले. नुसती लिंक टाकली तर बुधवारी ती आपली आपल्यालाच ओळखू येत नाही.

लेख जमवून ठेवणाऱ्या खास ॲपच्या भरवशावर मात्र राहू नका. पॉकेट नावाचं असं एक ॲप होतं, वर्षानुवर्षं लोकांनी त्यात लेख साठवले. जुलै २०२५ मध्ये ते बंद झालं. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरचं नवं लेखन एका जागी आणून देणारा गूगल रीडरही असाच १ जुलै २०१३ ला गेला. म्हणून दर महिन्याच्या शेवटी मी टोपलीतलं निवडक एका साध्या दोनशे पानी वहीत उतरवते. तारीख, काय, कोणाकडून, कोणाला आवडलं. वही बंद पडत नाही.

पानंही नाहीशी होतात. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये मोजून सांगितलं होतं, की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. त्यामुळे एखादा लेख फारच जीवाला लागला, तर इंटरनेट आर्काइव्हच्या, जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनवर त्याचा पत्ता घालून पानाची नोंद करून ठेवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

समोर येईल ते घेऊ नका, धाग्याने चालत जा

फोन स्वतःहून जे पुढे करतो ते तुमच्या एकेचाळीस माणसांनाही पुढे करतच असतो. तेच पुन्हा पाठवण्यात तुमचं काय? तुमचं काम तो जिथे थांबतो त्याच्या पुढे जाण्याचं आहे. आणि त्याची युक्ती जुनीच: एक गोष्ट आवडली की तिच्यातलं एक नाव धरायचं आणि त्या नावाच्या घरी जायचं.

एक चाल सांगते, कारण मला ती अजून पुरती उतरलेली नाही.

१९७७ साली नासाने दोन व्हॉयेजर यानं सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी होती, चुकून कधी कोणाला सापडलीच तर पृथ्वी ऐकता यावी म्हणून. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या मंडळाने तीवर सुमारे नव्वद मिनिटांत बसतील अशा संगीताच्या सत्तावीस रचना निवडल्या. बाख आहे, बेथोव्हेन आहे आणि भारताचं एकच: केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटं. शिफारस रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाची होती. पण रेकॉर्ड मिळेना. शोधाशोध करताना ती न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात सापडली. मिक्सर-पंख्यांच्या गर्दीत. एका माणसाने 'हे घ्याच' म्हटलं, दुसऱ्या कोणीतरी दुकानं पालथी घातली आणि गाणं सूर्यमालेच्या वेशीबाहेर गेलं. शिफारस म्हणजे काय हे मला कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

इथे थांबता आलं असतं. ही गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. पण आता नाव धरा. केसरबाई मूळच्या गोव्यातल्या केरीच्या. शिकल्या अल्लादिया खाँसाहेबांकडे, जयपूर-अत्रौली घराण्याच्या. खाँसाहेबांचा धागा धरला की कोल्हापूर लागतं आणि तिथून पुढे त्यांच्या दुसऱ्या थोर शिष्या मोगूबाई कुर्डीकर, किशोरी आमोणकरांच्या आई. आता मोगूबाईंच्या आडनावातलं गाव धरा. कुर्डी, तालुका सांगे. नकाशावर शोधायला गेले तर पाणी. साळावली धरणात ते गाव बुडालं. पण दर उन्हाळ्यात, मे महिन्यात, पाणी ओसरलं की घरांचे चौथरे आणि जुन्या वाटा वर येतात. मग विखुरलेले कुर्डीकर तिथे जमतात, सोमेश्वराचा उत्सव करतात आणि पावसाळा लागला की गाव पुन्हा पाण्याखाली.

अवकाशयानापासून बुडालेल्या गावापर्यंत चार पावलं. त्या शनिवारी मी पाचऐवजी तीनच गोष्टी पाठवल्या: केसरबाईंची भैरवी, मोगूबाईंची एक रेकॉर्ड आणि मे महिन्यातल्या कुर्डीचे फोटो असलेला एक लेख. इतकी उत्तरं आधी कधी आली नव्हती.

धागे सापडतात कुठे? गाण्याखालच्या श्रेयनामावलीत. शास्त्रीय संगीताच्या व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांत, जिथे एखादे निवृत्त गृहस्थ "हा शुद्ध कल्याण नव्हे" म्हणून हटकतात आणि बरेचदा त्यांचंच बरोबर असतं. मराठी विश्वकोशाच्या नोंदीत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत बसून उभा केलेला हा कोश, १९७६ साली त्याचा पहिला खंड आला आणि आज तो सगळा ऑनलाइन फुकट वाचता येतो. शब्दांचं वेड असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१ ची, तिथे आहे ती १८५७ ची दुसरी) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. एखाद्या आठवड्यात काहीच नसलं तर मी एक शब्द पाठवते. 'शिळोप्याच्या गप्पा' आपण सहज म्हणतो, पण शिळोपा म्हणजे काय, यावर आमच्याकडे शनिवारभर चर्चा चालली.

चित्रांसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाकडे जा. फेब्रुवारी २०१७ पासून त्यांनी आपल्या ताब्यातल्या, हक्कमुक्त अशा लाखो कलाकृतींची छायाचित्रं कोणालाही कशीही वापरायला मोकळी केली आहेत. जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट तिथे इतकी मोठी करून बघता येते, की होडीतल्या माणसांची डोकी मोजावीत. ती लाटही १८३१ च्याच सुमाराची, मोल्सवर्थच्या कोशाच्या वयाची. अशा गाठी मारायला मला फार आवडतं. दर वेळी अर्थ निघतोच असं नाही.

एक ओळखीचं, एक परकं

नुसतं आपलंच पाठवलं तर तो गणेशोत्सवाचा कार्यक्रम होतो. नुसतं परकं पाठवलं तर दोन आठवड्यांत लोक न उघडताच पुढे जातात. जोडी लावा.

उदाहरणार्थ, मांडो. गोव्याच्या ख्रिस्ती समाजातलं कोकणी, संथ, हुरहुर लावणारं गाणं. त्याच्याशेजारी ठेवा आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापलीकडच्या केप व्हर्द बेटांवरचं मोर्ना. तिथेही पोर्तुगीजांचं राज्य होतं, तिथेही समुद्रापार गेलेल्या माणसांची आठवण गाण्यात उतरली. मोर्नाला २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा-यादीत जागा मिळाली. ते जगभर नेलं सेझारिया एव्होरा या बाईंनी. रंगमंचावर त्या अनवाणी उभ्या राहून गात. भाषा एक अक्षर कळत नाही. पण मांडो ऐकून लगेच ते ऐकलं की भाषेची अडचण कमी होते, असा माझा अनुभव. आत्याने लिहिलं, "ही बाई कोकणातलीच वाटते, फक्त भात कमी खाते." यावर मी काय बोलणार!

गाळणी

गुरुवारी रात्री टोपली उपडी करा. माझ्याकडे पंधरा-वीस गोष्टी असतात. त्या सगळ्या पूर्ण बघणं शक्य नाही, म्हणून आधी नुसत्या आठवणीवर: कोणती गोष्ट या चार दिवसांत न उघडता आपोआप आठवली? तेवढ्या बाजूला काढा. बहुतेक सहा-सात उरतात. त्या शेवटपर्यंत बघायच्या. यात दोन-तीन गळतात. सुरुवात झकास आणि पुढे पाणी घातलेलं, असे व्हिडिओ फार.

मग मिनिटांची बेरीज. सगळं मिळून एक तासाच्या वर गेलं तर एक काढा. पन्नास मिनिटांची मुलाखत असेल तर त्या आठवड्यात बाकी सगळं छोटं. "वेळ नाही" म्हणणाऱ्यांसाठी माझा हुकमी एक्का म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डी. एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे गायकाला आलापीची चैन परवडत नसे, थेट मुद्द्यावर. अब्दुल करीम खाँसाहेबांची 'पिया बिन नाही आवत चैन' ही झिंझोटी चहाला उकळी येईपर्यंत संपते आणि दिवसभर जात नाही. अशा हजारो तबकड्या इंटरनेट आर्काइव्हवर आणि संग्राहकांनी यूट्यूबवर चढवलेल्या सापडतील.

गंमत म्हणून गौहर जान. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीसाठी कलकत्त्यात त्यांनी ध्वनिमुद्रण केलं आणि गाणं संपताच त्या इंग्रजीत ठसक्यात स्वतःचं नाव सांगतात. रेकॉर्डी जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. कोणती कोणाची हे तिथे कळावं म्हणून हा उद्योग. शाळकरी भाचीला गाणं आवडलं नाही, पण तो शेवट तिने दहा वेळा ऐकला.

खरं आहे का, ते बघा

हा भाग कंटाळवाणा आहे आणि मी तो एकदा टाळला. एक सुंदर कविता एका मोठ्या कवीच्या नावाने पाठवून दिली. अर्ध्या तासात माझ्या शाळेतल्या मराठीच्या बाईंचं उत्तर आलं: "ही त्यांची नाही. त्यांनी असं यमक मेलं तरी जुळवलं नसतं." पुढच्या शनिवारच्या मेसेजमध्ये सगळ्यांत वर 'दुरुस्ती' म्हणून ते छापलं. तेव्हापासून चूक झाली की ती पहिल्या ओळीत, शेवटच्या नव्हे.

पु. लं.च्या आणि वपुंच्या नावावर फिरणारं निम्मं लेखन त्यांनी बघितलंही नसेल. तपासायची पद्धत सोपी आहे. ओळ अवतरणचिन्हांत घालून शोधा. ती फक्त फॉरवर्ड आणि शुभेच्छापत्रांतच सापडते आहे, कुठल्या संग्रहाचं, अंकाचं, सालाचं नाव कुठेच येत नाही, तर नाव गाळा किंवा ओळच गाळा. फोटो असेल तर गूगल लेन्सवर टाकून सगळ्यांत जुना कुठे दिसतो ते बघा; यंदाचा म्हणून फिरणारा पूर बरेचदा भलत्याच सालचा, भलत्याच देशातला निघतो. आणि आता नवं दुखणं: गेलेल्या गायकांच्या आवाजात यंत्राने गाऊन घेतलेली गाणी. व्हिडिओखालचं वर्णन पूर्ण उघडा, वाहिनीवर बाकी काय आहे ते बघा. अल्बम, वर्ष, संगीतकार यांतलं काहीच नसेल तर संशय घ्या.

व्हॉट्सॲपवर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेले' असा दुहेरी बाण दिसला, तर ते माझ्या टोपलीत जातच नाही. खोटंच असेल असं नाही. पण ते लोकांपर्यंत पोचलेलं असतं, माझी गरज काय?

लिंकखालच्या दोन ओळी

खरं काम इथे आहे. अख्ख्या आठवड्यातला माझा सगळ्यात जास्त वेळ या दहा ओळींवर जातो.

"अप्रतिम! नक्की ऐका. शब्द नाहीत." यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही. शब्द नाहीत म्हणणाऱ्याने शिफारस करू नये. त्याऐवजी तीन गोष्टी सांगा: किती वेळ लागेल, हे नेमकं काय आहे आणि माझं लक्ष कुठे अडकलं. केसरबाईंसाठी मी लिहिलेलं असं होतं:

*"केसरबाई केरकर, भैरवी. साडेतीन मिनिटं. १९७७ पासून अवकाशात प्रवास करतंय, आज तुमच्या स्वयंपाकघरात. आवाजात नाजूकपणा शोधू नका, तो नाही; पोटातून आलेला, खणखणीत आहे. जुन्या रेकॉर्डची खरखर पहिल्या काही सेकंदांत कानाआड होते, तेवढं थांबा."*

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ऐकणारा कुठे कंटाळून सोडून देईल हे तुम्हाला माहीत असतं, कारण तुम्हीही तिथेच सोडणार होता. ती जागा आधीच सांगा. मोठ्या ख्यालाची मैफल पाठवताना मी सरळ लिहिते: "सवय नसेल तर द्रुतपासून सुरू करा, एकविसाव्या मिनिटापासून. आवडलं तर मागे या." जाणकार नाक मुरडतील. मुरडू देत, ते माझ्या यादीत नाहीत.

लेखाचा सारांश देऊ नका. सारांश वाचून माणूस समाधानाने पुढे जातो. त्याऐवजी लेखातला एखादा प्रश्न किंवा एखादा बारकावा द्या. आणि नाही आवडलं तेही लिहा: "मधली पाच मिनिटं लेखक स्वतःवरच खूश आहे, ती उडवलीत तरी चालेल." दर वेळी स्तुती करणाऱ्याचं कोणी मनावर घेत नाही.

मेसेज बांधणं

पाच वेगळे मेसेज नकोत, एकच. फोन पाचदा वाजला की माणूस वैतागतो. प्रत्येक गोष्टीचं नाव दोन्ही बाजूंना तारा टाकून ठळक करा, खाली दोन ओळी, त्याखाली लिंक, मग एक ओळ मोकळी. व्हॉट्सॲप मेसेजखाली चित्राची चौकट दाखवतं ती पहिल्या लिंकची, म्हणून जिचं चित्र चांगलं येतं ती गोष्ट वर घ्या.

लिंक तासून घ्या. यूट्यूबवरून पाठवलेल्या लिंकमध्ये प्रश्नचिन्हानंतर 'एसआय' आणि त्यापुढे अक्षरांची शेपटी असते. ती कोणी कोणाला पाठवलं याचा माग ठेवण्यासाठी. पुसून टाकली तरी व्हिडिओ उघडतो. लेखांच्या लिंकमध्ये 'यूटीएम' असं दिसलं तर तिथूनही पुढचं पुसा. तासल्यावर लिंक एकदा स्वतः उघडून बघा. संगणकावर यूट्यूबच्या शेअरच्या चौकटीत ठरावीक मिनिटापासून सुरू करण्याची खूण आहे, तिचा वापर करा. नाही जमलं तर मिनिट हाताने लिहा.

एखादा लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नसेल तर ते आधीच लिहा. पैसेवाल्या ॲपवरचं गाणं असेल तर तेच फुकट कुठे अधिकृतपणे मिळतं ते शोधून द्या. यादीतल्या सत्तरी ओलांडलेल्यांसाठी मी मेसेज आधी माझ्या आईच्या फोनवर पाठवून बघते. तिला तो चष्म्याशिवाय कळला तर पाठवण्याजोगा.

आणि ज्याच्याकडून मिळालं त्याचं नाव घाला. "हे कळलं ते भाचीमुळे" एवढं लिहिलं की भाची पुढच्या आठवड्यात आणखी चार गोष्टी शोधून आणते.

वार आणि वेळ

१९५२ साल बघण्यासारखं आहे. त्या वर्षी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कट्टर. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली आणि शनिवारी रात्री शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली, दर बुधवारी रात्री. रेकॉर्डविक्री आणि श्रोत्यांच्या पत्रांवरून गाण्यांचे क्रमांक लागत. एकीकडे लोकांना काय आवडायला हवं, दुसरीकडे लोकांना काय आवडतं. बुधवारी देश कोणीकडे कान लावून बसायचा, ते सांगायला नको. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली.

आपली यादी करताना माझ्या अंगात अधूनमधून केसकर संचारतात. "यांना हे आवडायलाच हवं" असं मनात आलं की मी ती गोष्ट काढून टाकते किंवा चौथ्या क्रमांकावर ढकलते. पण नुसती गीतमाला करायची असेल तर माझी गरज नाही, ते काम फोन माझ्यापेक्षा चांगलं करतो. कधी इकडे, कधी तिकडे.

गीतमालेकडून एक मात्र उचलावं: वार आणि वेळ. लोक वाट बघतात ती ठरलेल्या वेळेची. साडेसात म्हणजे साडेसात. हाताशी काही नसेल तर दोनच गोष्टी पाठवा, एक पाठवा, पण भर टाकून पाच करू नका. ती भर लगेच कळते. दिवाळीत आणि मे महिन्यात मी दोन-दोन आठवडे सुट्टी घेते आणि तसं आधी कळवते. दर सहा महिन्यांनी विचारते, "बंद करू का?" दरवेळी एक-दोघं हो म्हणतात. त्यांना काढून टाकते, विषय संपला.

लिंक पाठवा, फाइल नको

जिवंत लेखकाचं पुस्तक पीडीएफ करून वाटणं म्हणजे शिफारस नव्हे. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षं हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून सर्वांचं आहे. मोकळेपणाने वाटा, मराठी विकिस्रोतावर मिळेल ते वाचा. पु. ल. गेले २००० साली, म्हणजे त्यांचं २०६० संपेपर्यंत नाही. तिथे परिच्छेदभर उद्धृत करा आणि पुस्तकाचं व प्रकाशकाचं नाव द्या. माझ्या यादीतल्या चौघांनी असं वाचून पुस्तकं विकत घेतल्याचं मला माहीत आहे.

उत्तरं

अंगठे मोजू नका. 'अप्रतिम' मोजू नका. कोणी एखाद्या बारकाव्याबद्दल विचारलं, कोणी भांडलं, कोणी "हे ऐकून मला अमुक आठवलं" असं लिहिलं, तेवढंच वहीत टिपायचं. या उत्तरांना त्याच दिवशी, निदान रविवारी, नीट उत्तर द्या. सोमवारी ती शिळी होतात.

कुर्डीच्या त्या शनिवारी दुपारी शेजारच्या काकांचा व्हॉइस मेसेज आला. एरवी ते फक्त अंगठा पाठवतात. नऊ मिनिटांचा होता. त्यांचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं, ते तेव्हा सात-आठ वर्षांचे. देव्हारा कोणी उचलला, कुत्रं कसं मागे धावत आलं, नवीन जागी विहिरीचं पाणी आजीला महिनाभर गोड लागलं नाही, सगळं एका दमात. मधे कुठेतरी गाडीचा हॉर्न, कोणीतरी जेवायला हाक मारतं, ते थांबत नाहीत. मी तो दोनदा ऐकला आणि संध्याकाळी खाली जाऊन त्यांना विचारलं, पाठवू का सगळ्यांना? ते म्हणाले, कुत्र्याचं तेवढं काढ. ते मला काढता येईना. दोन दिवसांनी त्यांनीच फोन केला, "राहू दे."

पुढच्या शनिवारी पहिल्या क्रमांकावर तोच होता. खाली लिहिलं: नऊ मिनिटं, हेडफोन लावून ऐका, पाचव्या मिनिटाला गाडीचा हॉर्न आहे.